मुहम्मद अली, तीन माहितीपट आणि आमची विहीर

आमच्या दादांच्या शिलाईच्या दुकानात दोनच चौकटी होत्या. एकीत काबा शरीफचे चित्र आणि दुसरीत वर्तमानपत्रातून कापून लावलेला मुहम्मद अलीचा फोटो. मशीनवरून मान वर केली की दादांची नजर या दोन चौकटींवर जायची. गिऱ्हाईक नसले की ते आम्हां तिघा भावंडांना अलीच्या गोष्टी सांगत. अली रोमहून ऑलिंपिकचे सुवर्णपदक घेऊन आला, तरी गोऱ्यांच्या हॉटेलात त्याला जेवण नाकारले, म्हणून त्याने ते पदक नदीत फेकून दिले. व्हिएतनामच्या लढाईला जाण्यास त्याने नकार दिला, जगज्जेतेपद गमावले, पण शब्द फिरवला नाही. इथवर आले की दादा चष्मा पुसत आणि हमखास म्हणत, "मीसुद्धा असाच निघालो होतो."

मग विहिरीची गोष्ट सुरू व्हायची. 1972 चा दुष्काळ. गावाकडे दादा आणि त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे छोटे दादा, यांची सामायिक विहीर आणि तिच्यावर सामायिक इंजिन. विहिरीत थोडे पाणी होते, पण छोटे दादांनी इंजिनघराला कुलूप घातले. आमच्या वाट्याचे पीक डोळ्यांदेखत वाळले. दादा भांडले नाहीत. एक शिलाई मशीन, बायको आणि मुलांना घेऊन ते तालुक्याला आले आणि पुन्हा गावच्या घरात राहायला गेले नाहीत. ही गोष्ट ऐकतच आम्ही वाढलो. छोटे दादांच्या घरची लग्ने आम्हाला परस्पर कळत आणि मयतीला तेवढे जाऊन यायचे असा रिवाज पडला होता.

दादांचे निधन होऊन पाच वर्षे झाली. गेल्या उन्हाळ्यात आमच्या थोरलीच्या मुलाने, म्हणजे आमच्या अकरावीतल्या भाच्याने, जाहीर केले की तो दादांवर मोबाइलवर एक माहितीपट बनवणार आणि ईदला सगळे जमले की दाखवणार. सगळ्यांना आनंद झाला. दुकान, मशीन, जुने फोटो, गिऱ्हाइकांच्या आठवणी, अशी यादी तयार झाली. थोरली म्हणाली, "बनवायच्या आधी जाणकारांनी कसे बनवलेत ते तरी बघ." दादांचा आवडता माणूस अली, तेव्हा अलीवरचेच माहितीपट पाहायचे ठरले. इशाच्या नमाजनंतर लॅपटॉप टीव्हीला जोडून आम्ही सगळे बसू लागलो. अब्बा, अम्मी, आम्ही भावंडं, मुलं आणि कोपऱ्यातल्या पलंगावर पंच्याऐंशीच्या घरातली दादी. वाटले होते, सुट्टीतली करमणूक होईल. पण त्या रात्रींनी आमच्या घरात जो वाद उभा केला, तो वाचक भगिनी-बंधूंपुढे मांडावासा वाटतो.

पहिला पाहिला 'व्हेन वुई वेअर किंग्ज'. 30 ऑक्टोबर 1974 रोजी झैरे देशातील किन्शासा येथे अली आणि जॉर्ज फोरमन यांच्यात जी लढत झाली, तिच्यावरचा हा माहितीपट. दिग्दर्शक लिऑन गॅस्ट यांनी चित्रीकरण तेव्हाच केले होते, पण पैशाच्या आणि हक्काच्या अडचणींमुळे तो पूर्ण होऊन लोकांसमोर यायला 22 वर्षे लागली. 1997 साली त्याला ऑस्कर मिळाले. पाहताना आम्ही अक्षरशः टाळ्या वाजवल्या. अली रस्त्याने धावतो आहे, मुले त्याच्या मागे धावत आहेत, तो हसतो, गमतीजमती करतो. आणि फोरमन? तो फारसे बोलत नाही, वाळूची पिशवी ठोसून ठोसून तिला खड्डा पाडतो आणि सोबत मोठा अल्सेशियन कुत्रा घेऊन फिरतो. पूर्वीच्या बेल्जियन राजवटीतले पोलीस असेच कुत्रे बाळगत, त्यामुळे तिथल्या लोकांना तो अधिकच परका वाटला.

चित्रपट संपला आणि भाचा म्हणाला, "फोरमनची मुलाखत कुठे आहे? लढतीनंतर 22 वर्षांनी लेखकांच्या, पत्रकारांच्या मुलाखती घेतल्या. फोरमन तर तेव्हा हयात होता, बोलका होता, धर्मोपदेशक झाला होता. त्याला का नाही विचारलं?"

आमच्यातल्या कुणालाच हे खटकले नव्हते. माहितीपटात दाखवलेले एकही दृश्य खोटे नाही. कुत्रा खरा, वाळूच्या पिशवीचा खड्डा खरा. तरीही फोरमन म्हणजे एक मुका राक्षस, असे आमचे मत दीड तासात बनले होते. खरे दाखवणे आणि न्यायाने दाखवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या रात्री पहिल्यांदा आमच्या लक्षात आले. भाच्याने मग ऑस्कर समारंभातले दृश्य शोधून दाखवले. कंपवाताने थकलेला अली मंचाच्या पायऱ्या चढतो आहे आणि त्याला हात देऊन वर नेणारा माणूस आहे जॉर्ज फोरमन. दादी पलंगावरून म्हणाली, "हा तोच का मघाचा कुत्रेवाला?"

दुसरा माहितीपट नेमका उलट्या बाजूचा निघाला. 'थ्रिला इन मनिला', 2008 सालचा, दिग्दर्शक जॉन डॉवर. यात गोष्ट सांगितली आहे ती जो फ्रेझियरच्या बाजूने. फ्रेझियर हा अलीचा सगळ्यात मोठा प्रतिस्पर्धी. दोघांच्या तीन लढती झाल्या. पहिली 8 मार्च 1971 रोजी न्यूयॉर्कमध्ये, तीत फ्रेझियर जिंकला. पंधराव्या फेरीत त्याच्या डाव्या ठोशाने अली खाली पडला होता. दुसरी जानेवारी 1974 मध्ये अलीने जिंकली. तिसरी 1 ऑक्टोबर 1975 रोजी फिलिपीन्समध्ये झाली. चौदा फेऱ्यांनंतर फ्रेझियरला डोळ्यांनी नीट दिसेनासे झाले, म्हणून त्याचे प्रशिक्षक एडी फच यांनी लढत थांबवली. त्या वेळी अलीचेही त्राण संपले होते.

हे सारे आम्हाला दादांकडून माहीत होते. माहीत नव्हते ते याच्या आधीचे. व्हिएतनामच्या प्रकरणात 28 एप्रिल 1967 रोजी अलीने लष्करात भरती होण्यास नकार दिला. त्याचे अजिंक्यपद काढून घेण्यात आले, त्याला पाच वर्षांची कैद आणि दहा हजार डॉलर दंडाची शिक्षा झाली. अपील चालू असल्याने तो तुरुंगाबाहेर राहिला, पण साडेतीन वर्षे त्याला लढू दिले नाही. अखेर 28 जून 1971 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली. या वनवासाच्या काळात अलीला लढण्याचा परवाना परत मिळावा म्हणून आपण त्याच्या बाजूने बोललो, त्याला पैशाचीही मदत केली, असे फ्रेझियरचे सांगणे होते.

आणि परत आल्यावर अलीने काय केले? फ्रेझियरला त्याने 'अंकल टॉम' म्हटले. कृष्णवर्णीय माणसाला देता येईल ती ही सर्वांत वाईट शिवी, अर्थ गोऱ्यांचा हुजऱ्या. मनिलाच्या वेळी तर त्याला गोरिला म्हटले आणि पत्रकारांसमोर रबरी गोरिला काढून त्याला ठोसे मारले. लोक हसले. फ्रेझियरच्या मुलांना मात्र शाळेत हे ऐकून घ्यावे लागले. खरे तर फ्रेझियर दक्षिण कॅरोलायनातल्या गरीब शेतमजूर कुटुंबातला, बारावे अपत्य. फिलाडेल्फियाला येऊन कत्तलखान्यात काम करून वर आलेला. अलीचे वडील पाट्या रंगवायचे आणि त्यांचे स्वतःचे घर होते. गोऱ्यांचा हुजऱ्या म्हणून ज्याला हिणवले, तोच दोघांत अधिक गरिबी भोगलेला होता.

माहितीपटात म्हातारा फ्रेझियर फिलाडेल्फियातल्या आपल्या व्यायामशाळेतल्या एका खोलीत राहताना दिसतो. त्याच्या मनातली तेढ गेलेली नाही. 1996 मध्ये अटलांटा ऑलिंपिकची ज्योत अलीच्या थरथरत्या हाताने पेटली तेव्हा सारे जग गहिवरले. फ्रेझियर मात्र कडवट बोलला होता.

आता वाद पेटला. अब्बा चिडले. "हा चित्रपट एकांगी आहे. अली आजारी, त्याला बोलता येत नाही, आणि तुम्ही त्याच्याविरुद्ध तक्रारी ऐकवता? त्याने नंतर माफी मागितली ते विसरता?" ते चूक नव्हते. 2001 साली अलीने न्यूयॉर्क टाइम्सच्या पत्रकाराजवळ फ्रेझियरची माफी मागितली होती. रागाच्या भरात नको ते बोललो, हे कबूल केले होते. 2011 मध्ये फ्रेझियर वारला तेव्हा आजारी अली त्याच्या अंत्यविधीला हजर राहिला. अब्बांचे म्हणणे एवढेच नव्हते. "आधीच आपल्या लोकांवर काय काय चित्रपट निघतात ते पाहतोच आपण. एक अली आहे ज्याचं नाव जगभर आदराने घेतलं जातं. त्याचीही धुणी धुवायची? आणि ही गीबत नाही का?"

आमच्यातल्या धाकटीने उत्तर दिले, "अब्बा, आपल्यावरच्या चित्रपटांबद्दल आपली तक्रार काय असते? की आमची बाजू विचारली नाही. मग फ्रेझियरची बाजू ऐकायला आपण का तयार नाही? न्याय आपल्याला हवा तेव्हा मागायचा आणि द्यायची वेळ आली की गीबत म्हणायचं?"

त्या रात्री जेवणाची भांडी वाजली, पण कुणी कुणाशी फारसे बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी अब्बांनी स्वतःच इमाम नववींचे 'रियाजुस्सालिहीन' काढले. गीबत म्हणजे एखाद्याच्या पाठीमागे त्याला न आवडणारी पण खरी गोष्ट बोलणे. खोटी बोलली तर ते बोहतान, त्याहून मोठे पाप. पण इमाम नववींनी सहा प्रसंग सांगितले आहेत, ज्यांत दुसऱ्याचा दोष बोलून दाखवणे वैध ठरते. अन्याय झालेल्याने दाद मागणे हा त्यातला एक आणि लोकांना नुकसानीपासून सावध करणे हा दुसरा. हदीस सांगणाऱ्या रावींची पारख याच दुसऱ्या प्रसंगात मोडते. विद्वानांनी हजारो रावींची चरित्रे तपासली. कोण सच्चा, कोण विसराळू, कोण रचून सांगणारा, हे स्पष्ट लिहून ठेवले, आणि त्यात आपला-परका पाहिला नाही. अब्बा पुस्तक मिटून म्हणाले, "म्हणजे प्रश्न दोष सांगायचा की नाही हा नाही. कशासाठी सांगायचा, हा आहे." आम्हाला त्यांचा अभिमान वाटला, कारण आदल्या रात्री ते याच्या विरुद्ध बाजूला उभे होते.

तिसरा माहितीपट मोठा होता. केन बर्न्स, त्यांची मुलगी सारा बर्न्स आणि डेव्हिड मॅकमहन यांचा 2021 सालचा 'मुहम्मद अली'. चार भाग, जवळजवळ आठ तास. आम्ही तो चार रात्रींत पाहिला. यात अली खूप मोठा दिसतो, पण एकटा दिसत नाही. त्याचा भाऊ बोलतो, मुली बोलतात, त्याच्यापासून वेगळ्या झालेल्या पत्नीही बोलतात. 1975 मध्ये मनिलाला अलीसोबत व्हेरॉनिका पोर्शे होती, तिलाच लोक त्याची पत्नी समजले. ते वाचून पत्नी खलीला विमानाने तिथे गेली आणि भांडून लगेच परतली. अम्मी एरवी बॉक्सिंगच्या वेळी स्वयंपाकघरात निघून जायची, पण खलीला बोलू लागली तेव्हा हातातली भाजी तशीच ठेवून बसून राहिली. "इतकी वर्षं हिला कुणी विचारलंच नसेल," एवढेच ती म्हणाली.

आमच्या काही समजुतीही दुरुस्त झाल्या. आम्हाला वाटायचे, 1964 मध्ये सॉनी लिस्टनला हरवल्यावर अलीने आपल्यासारखाच इस्लाम स्वीकारला. पण तो तेव्हा एलिजा मुहम्मद यांच्या 'नेशन ऑफ इस्लाम' या संघटनेत गेला होता. तिची शिकवण, विशेषतः गोरा माणूस म्हणजे सैतानच ही, सर्वसाधारण मुसलमानांच्या श्रद्धेपेक्षा अगदी वेगळी. याच संघटनेतून माल्कम एक्स 1964 मध्ये बाहेर पडले आणि हजला गेले. हजला सर्व वर्णांचे लोक एकत्र पाहून त्यांचे विचार बदलले. त्याच वर्षी मे महिन्यात घानामधल्या अक्रा शहरात त्यांची आणि अलीची गाठ पडली, तेव्हा अलीने जुन्या मित्राकडे पाठ फिरवली. 21 फेब्रुवारी 1965 रोजी माल्कम यांची हत्या झाली. समेटाला वेळच राहिला नाही. 1975 मध्ये एलिजा मुहम्मद वारल्यावर त्यांचे पुत्र वारिसुद्दीन मुहम्मद यांनी अनुयायांना मुख्य प्रवाहातल्या इस्लामकडे वळवले आणि अलीही त्यांच्यासोबत आला. उतारवयात त्याने लिहिले की माल्कमकडे पाठ फिरवणे ही आपल्या आयुष्यातली अतिशय पश्चात्ताप देणारी चूक होती.

आणि नदीत फेकलेले पदक? ती गोष्ट अलीच्या 1975 च्या 'द ग्रेटेस्ट' या आत्मचरित्रातली. ते त्याने रिचर्ड डरहॅम यांच्यासोबत लिहिले होते. पुढच्या चरित्रकारांनी शोध घेतला तेव्हा ती कथा टिकली नाही. पदक बहुधा कुठेतरी हरवले होते. अटलांटाला त्याला त्याच्या जागी दुसरे पदक देण्यात आले. हे कळल्यावर आम्हाला दादांसाठी वाईट वाटले. पण हेही खरे की अलीच्या शहरात, लुइव्हिलमध्ये, त्या काळी काळ्या माणसाला कित्येक हॉटेलांत बसू देत नसत. अपमान खरा होता, पदक फेकणे खरे नव्हते. खऱ्या दुःखाला रचलेल्या गोष्टीचे कपडे घातले होते. अडचण एवढीच की रचलेला भाग उघडा पडला की लोक खऱ्या भागावरही शंका घेतात.

चौथ्या रात्री दिवे लावले तेव्हा भाच्याने विचारले, "मग छोटे दादांची मुलाखत कोण घेणार?"

खोलीत शांतता पसरली. फोरमनची खुर्ची रिकामी आहे म्हणून हळहळणारे आम्ही, दादांवरच्या माहितीपटाच्या यादीत बावीस नावे लिहून बसलो होतो, आणि ज्या माणसाच्या कुलपामुळे आम्ही शहरात आलो, त्याचे नाव त्यात नव्हते.

अब्बा म्हणाले, "त्याची गरज नाही. कुलूप मी स्वतः पाहिलंय. दहा वर्षांचा होतो मी. पितळी होतं."

तेव्हा पलंगावरून दादी बोलली. अगदी हळू. "कुलूप नै था, बेटा."

आम्ही सगळे वळून पाहू लागलो. ती पुढे म्हणाली, "आणि तू पाहणार कुठून? तू तेव्हा तुझ्या नानांकडे होतास. गोवर आला होता म्हणून तुला तिकडेच ठेवलं होतं."

अब्बांचा चेहरा आजही आठवतो. त्यांना राग आला नव्हता. पन्नास वर्षे पाहिलेले पितळी कुलूप कुणीतरी हातातून काढून घ्यावे, तसे ते झाले होते. "तू आधी का नाही बोललीस?" त्यांनी विचारले. दादी म्हणाली, "मला कुणी विचारलं कधी?" अम्मीने मान खाली घातली.

पुढच्या रविवारी आम्ही तिघे भावंडं, अब्बा आणि भाचा गावी गेलो. छोटे दादा त्र्याऐंशी वर्षांचे आहेत. गुडघे गेलेत, कान शाबूत आहेत. आम्हाला पाहून त्यांनी आधी चहा टाकायला सांगितला आणि अब्बांच्या डोक्यावरून हात फिरवला. मोबाइल समोर ठेवू का, असे भाच्याने विचारले तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "भाई राहिले असते तर बरं झालं असतं."

त्यांनी जे सांगितले ते थोडक्यात असे. दुष्काळाच्या आदल्या हिवाळ्यात आमच्या फुफीचे लग्न झाले. हाती पैसा नव्हता, म्हणून दादांनी सामायिक इंजिन एका सावकाराकडे गहाण टाकले आणि धाकट्या भावाला सांगितले नाही. पाऊस गेला, पैसे फिटले नाहीत, ऐन गरजेच्या वेळी सावकाराची माणसे येऊन इंजिन उचलून घेऊन गेली. "कुलूप कशाला घालू? आत होतं काय? आमचंही पीक वाळलं ना."

आमचंही पीक वाळलं. हे वाक्य ऐकून आम्ही एकमेकांकडे पाहिले. त्यांनी कुलूप घातले असते तर त्यांचे पीक तरी हिरवे राहिले असते. आमची गोष्ट पन्नास वर्षे शेकडो वेळा सांगितली गेली, पण त्यांच्या पिकाचे काय झाले, हा साधा प्रश्न आमच्यातल्या एकालाही पडला नव्हता.

छोटे दादा तिथेच थांबले नाहीत. "माझंही लिहा," ते म्हणाले. "मी रागात भाईंची ट्रंक अंगणात फेकली. या घरात तुमचा हिस्सा नाही म्हणालो. मोठ्या भावाला असं बोलायला नको होतं. भाई त्याच रात्री गेले." आम्ही विचारले, आमच्या घरात सांगतात ते तुम्हाला माहीत होते, मग कधी खुलासा का केला नाही? ते म्हणाले, "खुलासा केला असता तर पोरीच्या सासरी गेलं असतं की लग्न गहाणाच्या पैशांवर झालं. पोरीचा संसार होता तो."

परतताना गाडीत अब्बा बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. मग म्हणाले, "अब्बाजींनी खोटं का सांगितलं असेल?" आम्हाला वाटते, दादांनी ते खोटे म्हणून सांगितले नसेल. अंगणात फेकलेल्या ट्रंकेचा अपमान खरा होता. तो सांगायचा तर गहाणाचे सांगावे लागले असते. मग कुठेतरी कुलूप आले, आणि सांगता सांगता ते इतके घट्ट बसले की दादांनाही ते खरे वाटू लागले असेल. अलीचे पदक नदीत पडले तसेच.

आता खरा प्रश्न उभा राहिला. हे माहितीपटात घालायचे का? दादा स्वतःची बाजू सांगायला या जगात नाहीत. गेलेल्यांना वाईट बोलू नये, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. आमच्यातल्या मधल्याचे मत होते की माहितीपटच रद्द करावा. थोरली म्हणाली, विहिरीचा विषयच गाळून दुकानापासून सुरुवात करू. तोडगा सोयीचा होता. पण विषय गाळला तर कुलूप जिथल्या तिथेच राहणार होते. हजर असलेल्या साठ नातेवाइकांच्या मनात छोटे दादा अपराधीच राहिले असते.

अब्बांनीच वाट काढली. "अब्बाजींच्या आणखीही चुका असतील. त्या आपल्याला माहीत असल्या तरी सांगायच्या नाहीत, त्या त्यांच्या आणि अल्लाहच्या मधल्या. पण या गोष्टीने दुसऱ्या माणसाचं नाव खराब झालंय. ते आपण खराब केलंय, आपल्या तोंडाने. ते साफ करणं हे कर्ज आहे. आणि मयताचं कर्ज फेडणं वारसांवर येतं." न्यायाची साक्ष स्वतःच्या आणि आईवडिलांच्या विरुद्ध जात असली तरी द्यावी, असा आदेश सूरह निसामध्ये आहे. तो आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. आमच्याच घरावर तो लागू होईल असे कधी वाटले नव्हते.

त्याच मापाने मग आम्ही एकेक गोष्ट तोलली. कुलूप नव्हते, हे सांगायचे, कारण त्याने निर्दोष माणसावरचा आळ जातो. इंजिन गहाण पडले होते, हेही सांगावे लागणार. कशासाठी पडले, हे मात्र फुफीला विचारल्याशिवाय नाही. फुफीला फोन केला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सांगा. चाचांनी माझ्यासाठी पन्नास वर्षं बदनामी सोसली, हे माझ्या मुलांना कळू दे." सावकाराचे नाव वगळले. त्याची बाजू ऐकलेली नव्हती आणि त्याच्या नावाने कुणाचे भले होणार नव्हते. छोटे दादांनी ट्रंक फेकली, ते त्यांच्याच तोंडून राहू दिले. आणि दादांनी एका मशीनवर चार मुलांची शिक्षणे आणि लग्ने केली, गरिबाच्या ईदच्या कपड्यांची शिलाई कधी घेतली नाही, हेही सारे राहिले. ते कुलपाशिवायही तेवढेच खरे होते.

ईदच्या तिसऱ्या दिवशी आम्ही तो बावीस मिनिटांचा माहितीपट दाखवला. छोटे दादांचा चेहरा पडद्यावर आला तेव्हा काही जण उठून बाहेर गेले. एक चाचा अजून आमच्याशी नीट बोलत नाहीत. त्यांचे म्हणणे, घरातले घरात ठेवायचे होते. त्यांची नाराजी आम्ही समजू शकतो. सगळ्यांना पटेल असे काही आम्ही केले, असा आमचा दावा नाही. दुकानातला अलीचा फोटो आता आमच्या बैठकीत आहे. तो काढावा असे कुणाच्याही मनात आले नाही. उलट ज्याने आपली चूक कबूल केली तो माणूस म्हणून तो आता अधिक जवळचा वाटतो.

गुडघ्यांमुळे छोटे दादा ईदला येऊ शकले नाहीत. त्यांच्या नातवाच्या मोबाइलवर आम्ही चित्रपट पाठवला आणि धडधडत्या मनाने वाट पाहत बसलो. रात्री त्यांचा फोन आला. चांगला झाला, म्हणाले. मग थोडे थांबून म्हणाले, "एक चूक आहे. तुम्ही साडेसात हॉर्सपॉवरचं इंजिन म्हटलंय. पाचचं होतं."

भाच्याने त्याच रात्री ते दुरुस्त केले.